माझं हसू परत द्या

६ जानेवारी

तीर्थरूप आणि हास्यरूप आत्या,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. घरून फोन करायचा तर बाबा टीव्हीचा आवाज बारीक करून कान टवकारतात, आणि दवाखान्यातून करायचा तर डॉक्टर. मला जे सांगायचंय ते या दोघांनीही ऐकायला नको आहे.

मला विनोद लिहायचाय. लिहितेच आहे तशी, पण आता तेच काम म्हणून करायचंय. हस तू, हस. दातांच्या डॉक्टरांची मदतनीस, दिवसभर लोकांच्या तोंडात नळी धरून उभी राहणारी, आणि म्हणे विनोद लिहिणार! पण आत्या, मी माझे विनोद पेशंटवरच करून बघते. भूल दिलेली, तोंडात कापूस, बिचारे हसणार कसे? म्हणून मी त्यांचे पाय बघते. विनोद बरा असला की बुटाचे शेंडे वर होतात. फार बरा असला की बूट एकमेकांवर आपटतात. परवा एका हेडमास्तरांचा बूट निघून खाली पडला. डॉक्टरांना वाटलं, दुखलं.

आता मुद्दा. तू ज्या स्टुडिओत इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून हसायचं काम केलंस, त्यांच्या शनिवारच्या विनोदी कार्यक्रमाने जाहिरात दिलीय. नव्या लेखकांनी एक प्रहसन पाठवायचं. निवडलेली पडद्यावर येणार आणि त्यातून एकाला लेखकांच्या चमूत जागा. कायमची! मी एक लिहिलंय, सोबत जोडलंय. कुठे हसू येतं आणि कुठे नुसता घसा खाकरला जातो, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? वाच आणि खरं काय ते सांग.

बाबांना मात्र पत्ता लागू देऊ नकोस. ते म्हणतील, घरात एक होती तेवढी पुरे झाली.

तुझी,
भुंगी


१५ जानेवारी

भुंगे,

पुरे झाली म्हणतो का तो? लहानपणी भोकाड पसरलं की मलाच उचलून त्याच्यासमोर बसवायचे. माझं हसू ऐकल्याशिवाय दूध प्यायचा नाही तुझा बाप. त्याला म्हणावं, जरा आठव.

प्रहसन वाचलं. चुलीवरचं जळलं, तरी वाचत राहिले. पेशंटच्या तोंडात कापूस, तो नुसतं ‘आँ आँ’ करतोय, डॉक्टरांना ओ की ठो कळत नाही, आणि तुझी मदतनीस भाषांतर करतेय. आधी खरं करते. मग हळूच म्हणते, “ते म्हणतायत, ही बाई सकाळपासून उभी आहे, हिला स्टूल द्या.” पेशंट घाबरून आणखी ‘आँ आँ’ करतो, तर म्हणते, “पाठ असलेलं स्टूल.” अगं, काय डोकं चालतं गं तुझं! जी बाई डॉक्टरांना कधी ऐकूच आली नाही, ती पेशंटच्या तोंडून बोलायला लागल्याबरोबर डॉक्टर माना डोलावतात. हे तुझं आहे. कुठून उचललेलं नाही, हे पहिल्या ओळीत कळतं.

आता दोष ऐक, आणि नाक मुरडू नकोस. सुरुवातीला दवाखान्याचं वर्णन पानभर लिहिलंयस, ते सगळं काप. कोण आहे, कुठे आहे, त्याला काय हवंय, एवढं सांग आणि सुट. लोक हसत असताना पुढचं वाक्य बोलायला लावू नकोस, वाया जातं. हसू ओसरायला लागलं पण पुरतं संपलं नाही, तिथे बोलायचं. आणि तुझी बाई स्वतःच्याच विनोदावर हसते असं लिहिलंस, ते आधी खोड. हसायचं काम आमचं.

आमच्यात हसण्याची मापं होती, सांगितलं होतं का कधी? चिमूट, मूठ, ओंजळ आणि पोतं. समोरचा दिवा लागला की निर्माता हाताने माप दाखवायचा आणि आम्ही बरोब्बर तेवढं द्यायचो. तुझ्या पाठवाल्या स्टुलाला पोतं आहे, लिहून देते.

पाठव ते. पण त्यांच्याच तोंडाकडे बघत बसू नकोस. तुमच्याकडे त्या फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर बुधवारी संध्याकाळी नव्या लोकांना पाच-पाच मिनिटं देतात म्हणे, तिथे उभी राहा. मासिकांना पाठव. ऑफिसांच्या कार्यक्रमांना दोन शब्द बरे लिहून देणारं कुणी मिळत नसतं, तिथे वशिला लाव. नकार आला तर चार शिव्या हासड, चहा पी आणि दुसरं लिहायला घे. निर्माता अजून तोच टोपीवाला असेल. घरात, दारात, जेवताना टोपी. साखरेसारखा गोड बोलेल. सही करशील तेव्हा कागद वाचून कर.

मला तिथे ओळख सांगायला सांगू नकोस. मी गुडघ्यांपायी काम सोडलं त्याला आता बरीच वर्षं झाली, मला कोण विचारतंय.

आत्या


२ मार्च

आत्या! आत्या! आत्या!

निवडलं! टोपीवाल्यांचा स्वतः फोन आला. “काय लिहिता हो तुम्ही! फक्त थोडेफार बदल करू, पडद्याची गरज वेगळी असते.” मी हो म्हणाले. मी त्या क्षणी कशालाही हो म्हणाले असते. कागद आले, सही केली, पाठवले. तू वाच म्हणाली होतीस, पण आनंदात कोण वाचत बसतं?

बाबांना आता सांगावंच लागलं. आधी म्हणाले, “दवाखाना सोडायचा नाही.” मग तासाभराने शेजारी जाऊन सगळ्यांना, प्रहसन दाखवणार त्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवारचं आमंत्रण देऊन आले. आईने खुर्च्या मागवल्यात.

तू सांगितलंस म्हणून बुधवारच्या हॉलमध्येही उभी राहिले. सपशेल आपटले. लोकांचे पाय बघायची सवय, आणि पाय सगळे टेबलांखाली! हसतायत की जांभया देतायत काही कळेना. मी पाच मिनिटांचं तीन मिनिटांत उरकलं आणि पळाले. शेवटी उतरताना माईकची तार पायात अडकली, त्यावर मात्र छान हसले मेले. पण त्याचं काही वाटत नाही आता. शनिवार येऊ दे.

भुंगी


८ मार्च

भुंगे,

शाब्बास! माझ्या भावाच्या पोटी तू कशी आलीस, हा मला अजून प्रश्नच आहे.

माझा टीव्ही दुरुस्तीला गेलाय आणि दुरुस्तीवाला गावाला गेलाय, तेव्हा सगळं मला सविस्तर लिही. कोण कुठे हसलं, बाबा कुठे उठून उभा राहिला, सगळं. आणि थोडेफार बदल म्हणजे किती, हे विचारलंस का? विचारलं नसशीलच.

आपटलीस त्याचं दुःख नको. तारेवर हसले ना? म्हणजे हसायला आलेले होते, नुसते बसायला नाही. पुन्हा जा.

आत्या


१८ मार्च

आत्या,

सविस्तर हवं होतं ना तुला? घे.

घर माणसांनी भरलं होतं. पडद्यावर माझं नाव आलं, बाबांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी मदतनीस आली. तिला बावळट करून टाकलंय. पेशंट ‘आँ’ म्हणतो, तर ही चिमट्याऐवजी झाडू आणून देते. भाषांतर नाही, काही नाही. डॉक्टर म्हणतात, “हिच्या डोक्यातली पोकळी भरायची तर माझा सगळा चांदीचा साठा संपेल.” शेवटी ती दमून स्टुलावर बसायला जाते आणि डॉक्टर मागून स्टूल ओढून घेतात. धाडकन पडते. संपलं प्रहसन.

आणि त्या पडण्यावर जे हसू उठलं ना आत्या, ते तुझं होतं. आधी तो हुंकार, मग बारीक शिट्टी, मग पायरी पायरीने खाली येणं. बाबा ओरडले, “अरे, ही तर आपली ताई!” सगळ्या घराने ओळखलं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या सख्ख्या आत्याने माझ्या बाईवर पोतंभर हसू ओतलं.

रेकॉर्डिंगला जाणार आहेस हे सांगितलंही नाहीस. टीव्ही दुरुस्तीला म्हणे! आणि गेलीस तर गेलीस, पण तू मूळ प्रहसन वाचलं होतंस. तरी हसलीस? गुडघे बरे झाले वाटतं.

सोमवारी डॉक्टर मला म्हणाले, “स्टूल हवंय का?” आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पेशंटसुद्धा हसले. भूल द्यायच्या आधी.

उत्तर लिहू नकोस.


२३ मार्च

भुंगे,

उत्तर लिहू नकोस म्हणालीस म्हणून लगेच लिहायला बसले. आणि हे पत्र फाडायच्या आधी पुरतं वाच, नाहीतर मी येऊन वाचून दाखवीन.

मी तिथे नव्हते. त्या स्टुडिओची पायरी मी कित्येक वर्षांत चढलेली नाही. तुझं पत्र आलं तशी शेजारणीकडे गेले आणि तिच्या मोबाइलवर ते पाहिलं. हसू माझंच आहे, त्यात वाद नाही. पण ते जुनं आहे.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. एका दुपारी आम्हा सगळ्या हसणाऱ्यांना बोलावलं. समोर रंगमंच रिकामा. नट नाही, विनोद नाही, काही नाही. टोपीवाला म्हणाला, आज नुसतं हसायचं, मापाप्रमाणे. चिमटीचं घेतलं, मुठीचं घेतलं, सगळं घेतलं. मग मला एकटीला थांबवून माझं वेगळं घेतलं. म्हणाला, “बाई, तुमच्या हसण्याची बाकीच्यांना लागण होते.” भुंगे, मी त्या दिवशी घरी येताना रस्त्यात ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगत आले. पुढच्याच महिन्यात निरोप आला, आता यायची गरज नाही. कशाला असेल गरज? मला त्यांनी डब्यात भरून ठेवलं होतं ना! प्रेक्षक कमी हसले की वरून माझं ओततात.

गुडघे-बिडघे झूट आहे सगळं. माझे गुडघे आजही तीन मजले चढतात. हाकलून दिलं हे सांगायची लाज वाटली, म्हणून त्या बिचाऱ्यांचं नाव पुढे केलं.

तेव्हापासून मी कुणाकुणावर हसत आलेय, देव जाणे. घसरून पडणाऱ्या म्हाताऱ्यांवर, थोबाडीत खाणाऱ्या नोकरांवर. कुठे माझा आवाज आला की मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि भांडी घासायचे, घासलेली सुद्धा. पण तुझ्यावर? माझ्या भाचीने पोटतिडकीने उभ्या केलेल्या बाईवर? नाही. हे मी मुळीच खपवून घेणार नाही. परवा जाते स्टुडिओत आणि माझं हसू परत मागते.

आत्या


३० मार्च

आत्या,

माझं चुकलं. इतकं टोचून लिहिलं मी. मला थोबाडीत मार, पण तुझ्या हाताने मार, त्यांच्या डॉक्टरांच्या नको.

पण आत्या, एक विनंती. अजून गेली नसलीस तर स्टुडिओत जाऊ नकोस.

टोपीवाल्यांचा फोन आला होता. ती बावळट मदतनीस लोकांना भयंकर आवडलीय म्हणे. तिचं दर शनिवारी एक प्रहसन करायचंय आणि ते मीच लिहायचं. लेखकांच्या चमूतली ती जागा माझी. कायमची. कागद घेऊन सही करायला पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी बोलावलंय. बाबा म्हणतात, “डोळे मिटून सही कर, संधी दारात येऊन उभी आहे.”

मला माहितेय तू काय म्हणशील. पण मला दवाखान्यातून बाहेर पडायचंय गं. मला ज्या खोलीत चार माणसं एका वाक्यावरून भांडतात, त्या खोलीत बसायचंय. आधी आत तर शिरते. दोन-चार शनिवार त्यांच्या मनासारखं लिहीन, मग हळूहळू त्या बाईला शहाणी करीन. आणि तू तिथे जाऊन भांडलीस, तर त्यांना कळेल ही माझी आत्या, आणि सगळंच ओमफस होईल. माझ्यासाठी एवढं कर. गप्प राहा.

भुंगी


४ एप्रिल

भुंगे,

तुझं पत्र यायच्या आधीच जाऊन आले. आणि आधी आलं असतं तरी गेले असते, खोटं कशाला बोलू?

टोपी अजून तीच आहे, खालचं डोकं मात्र बदललंय. मी म्हटलं, “माझं हसू काढून टाका. मी त्या प्रहसनावर हसलेली नाही.” तो म्हणाला, “बाई, ते आमच्या मालकीचं आहे.” मी म्हटलं, “आलं कुठून? माझ्याच घशातून ना?” तर म्हणतो कसा, “तुम्ही तर अभिमान बाळगायला हवा, अजून रोज घराघरांत ऐकू येता.” मी विचारलं, “मी मेल्यावरही हसत राहणार का?” तो म्हणाला, “आम्ही तर म्हणू, अमर झालात!” आणि स्वतःच हसला. चिमूटभर. मग चहा मागवला माझ्यासाठी. मी तो तसाच ठेवून उठले, आणि तू मला ओळखतेस, मी चहा ठेवून कधी उठत नाही.

तुझं नाव मी घेतलं नाही. तुझी जागा घालवायला मी गेले नव्हते, माझ्या तोंडावर हक्क सांगायला गेले होते.

सही कर की करू नकोस, ते मी सांगणार नाही. दवाखान्यात उभं राहून तुझे पाय दुखतात, माझे नाही. पण आत शिरून बदलीन म्हणालीस, म्हणून एवढंच सांगते. मीही शिरले तेव्हा मनाशी ठरवलं होतं, जिथे हसू येणार नाही तिथे हसायचं नाही. पहिल्याच आठवड्यात दिवा लागला आणि हसले. दुसऱ्या आठवड्यात दिवा लागायच्या आधी हसले. पुढे तर कशाचं हसू येतं आणि कशाचं नाही, हे घरी आल्यावरसुद्धा कळेनासं झालं. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, तुझं तसं होणार नाही कदाचित. मला सांगणं भाग होतं, सांगितलं.

गुरुवारी त्यांचं पुढचं रेकॉर्डिंग आहे. तीच बाई, पुन्हा पडणार आहे, या वेळचं त्यांनीच लिहिलंय. प्रेक्षकांना फुकट प्रवेश आहे. माझे जुने सोबती शोधून काढलेत मी. इंजिन अजून धडधाकट आहे, सुरू व्हायला वेळ लागायचा पण लागला की थांबायचा नाही. आणि गळती, तिचं हसू थेंबथेंब गळायचं, आठवतंय? दोघांनाही माझ्यासारखंच डब्यात भरून घरी पाठवलं होतं. आम्ही चाललोय. पहिल्या रांगेत बसणार आहोत.

हसायला नाही.

रागावलीस तर राग.

आत्या


१४ एप्रिल

आत्या, अगं बाई गं आत्या,

शनिवारी काय झालं, ते तुला माहीत आहे का? तुझा टीव्ही आला का परत? नसेल तर माझ्याकडून ऐक.

बाई पडली. पडल्याबरोबर कॅमेरा सवयीने प्रेक्षकांवर फिरला. पहिल्या रांगेत तू, इंजिनकाका आणि गळतीमावशी. तिघांचे चेहरे दगडाचे. तुझा तर असा, की कर भरायला रांगेत उभी आहेस. मागच्या रांगा तुमच्याकडे बघून गोठलेल्या, एक जण तर घड्याळाला चावी देत होता. आणि त्यावर, आत्या, त्याच चेहऱ्यावर, तुझं हसू! हुंकार, शिट्टी, पायऱ्या! तोंड घट्ट मिटलेलं आणि पोतंभर हसू घरंगळतंय! घाईत कुणी बघितलंच नसणार आत काय दिसतंय ते. बाबा खुर्चीवरून खाली आले. आई, जी कधी दात दाखवत नाही, ती भिंत धरून हसत होती. सोमवारी सकाळी दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडी तेच, “ती कोण हो म्हातारी?” मी म्हटलं, “माझी आत्या.” पहिल्यांदा तोंड भरून म्हटलं.

आणि त्याच दुपारी मी स्टुडिओत गेले.

टोपीवाले भडकलेलेच होते, पण माझ्यावर नाही, तू माझी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. कागद पुढे सरकवले. या वेळी मी वाचले. सगळे. त्यांना घाम फुटेपर्यंत वाचले. मग म्हटलं, “मी लिहीन, पण माझी बाई पडणार नाही.” ते म्हणाले, “विनोदात कुणीतरी पडावंच लागतं.” मी म्हटलं, “मग डॉक्टर पडू देत.” ते खरंच दचकले गं. म्हणाले, “डॉक्टर पडले तर लोकांना बरं वाटणार नाही.” मी म्हटलं, “ती पडल्यावर कुणाला बरं वाटलं? पहिली रांग तर पाहिलीत तुम्ही.”

मग आवाज चढला त्यांचा. “तुमच्यासारख्या शेकडो जणी बाहेर उभ्या आहेत!” मी म्हटलं, “मग मी बाहेर जाते, तेवढीच एकीला आत जागा होईल. आणि त्या प्रहसनावरचं माझं नाव काढा. ते मी लिहिलेलं नाही. आणि जाता जाता सांगते, पहिल्या रांगेतली म्हातारी माझी आत्या आहे.”

बाहेर येऊन बसथांब्यावर रडले, हेही सांगते. कारण मला ती जागा हवी होती. अजूनही हवी आहे. पण ती खोली मी माझ्या बाईला घेऊनच शिरेन, नाहीतर दुसरी खोली शोधीन, नाहीतर स्वतः बांधीन. बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत. बोलतील.

पुढच्या बुधवारी हॉलमध्ये मूळ प्रहसन करतेय. डॉक्टर मी, पेशंट मी, मदतनीस मी. पाच मिनिटं पूर्ण घेणार आहे. येशील?

भुंगी


२४ एप्रिल

आत्या,

तू आली होतीस. दिवे मंदावल्यावर हळूच शिरलीस आणि शेवटच्या रांगेत बसलीस, मी पाहिलं. संपल्यावर शोधलं तर खुर्ची रिकामी. घरी आली नाहीस, भेटलीही नाहीस.

मला वाटलं होतं की छान झालं. पहिलं मिनिट कोरडंच गेलं, ‘आँ’ सुद्धा धड फुटेना. मग स्टूल आलं आणि लोक हसले. मी थांबले, ओसरू दिलं आणि मग पाठ असलेलं स्टूल मागितलं. तेव्हा टेबलं हलली, आत्या. बाबा आले होते, मागे खांबाआड, मला वाटलं दिसणार नाहीत. हॉल चालवणाऱ्या बाईंनी पुढच्या महिन्यात दहा मिनिटं दिलीयत.

पण मी सबंध वेळ एकच आवाज ऐकायला थांबले होते. आला नाही. तोच दगडाचा चेहरा, जो टोपीवाल्यांसाठी केला होतास. वाईट होतं का? मी स्टुडिओतल्या जागेवर लाथ मारून हे केलंय, त्यामुळे वाईट असेल तर मला कळायलाच हवं. गोलगोल लिहू नकोस.

भुंगी


२८ एप्रिल

भुंगे,

वेडी कुठली. तोंड पाडून बसलीस ना?

तू पाठ असलेलं स्टूल मागितलंस तेव्हा माझ्या पोटातून हसू वर आलं. मी रुमालाचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. शेजारच्या बाईने विचारलं, “मळमळतंय का?” मी मान हलवली. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, काही विचारू नकोस. पेशंटचा आवाज काढताना डोळे असे गरागरा फिरवतेस, ते कुणी शिकवलं तुला?

तरी बोळा काढला नाही. का सांगू? माझं हसू सुटलं असतं तर पुढच्या चार रांगांना लागण झाली असती. जन्मभर मी तेच केलंय, लोकांच्या आधी हसून त्यांना हसायला लावलंय. मग तू घरी जाऊन विचार करत बसली असतीस, ते मला हसले की आत्याला? आणि ते तुला मरेपर्यंत कळलं नसतं. मला ऐकायचं होतं, माझ्याशिवाय हसतात का. तर आधी उजवीकडचा एक टकल्या हसला. मग त्याची बायको, त्याला गप्प करायला कोपर मारता मारता स्वतःच फुटली. मग खांबाआडून तुझा बाप. त्याचं हसू मी पाळण्यापासून ओळखते. माझं हसू न ऐकता हसला तो, पहिल्यांदाच. हे सगळं तुझं तू मिळवलंस. कुणी हात दाखवून माप मागितलं नव्हतं.

बस निघेल म्हणून पळाले, आणि थांबले असते तर तुझ्या गळ्यात पडून गाव गोळा केलं असतं. बस सुटली, गावाबाहेर आली, मग बोळा काढला. भुंगे, कंडक्टर धावत आला. “काय झालं आजी, दुखतंय का कुठे?” मी त्याला सगळं प्रहसन सांगितलं, आँ-आँसकट. पुढच्या सीटवरचे वळून बसले. वाईट सांगितलं मी, शेवट आधीच सांगून टाकला. तरी हसले.

टोपीवाल्याचं पत्र आलंय. माझं हसू काढणार नाहीत, आणि पुन्हा पहिल्या रांगेत दिसले तर आत सोडणार नाहीत. बघू कसे सोडत नाहीत. इंजिन म्हणतोय, आम्ही दाराबाहेर खुर्च्या टाकून बसू. मी भांडणार आहे, दमेपर्यंत भांडणार आहे, आणि मी लवकर दमत नाही.

पण तुला एक सांगते. त्यांच्या डब्यात जे आहे, त्यात हुंकार आहे, शिट्टी आहे, पायऱ्या आहेत. बसमध्ये जे आलं त्यात यातलं काहीच नव्हतं. नुसता खरखरीत, फाटका आवाज, मध्येच श्वास अडकणारा, शोभा नसलेला. मी स्वतःच दचकले, हे कोण हसतंय म्हणून. असं मी आधी कधी हसलेच नव्हते, त्यामुळे ते त्यांच्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात दहा मिनिटं आहेत ना? मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेव. आता लोक तुला हसतात हे दोघींनाही माहीत झालंय, तेव्हा मी बोळा आणणार नाही.

तुझी,
आत्या